झाकलेले आणि लपवलेले



महात्मा बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनात घराचा दृष्टांत आहे. आपल्यापैकी अनेकांना ते वचन मूळ कन्नडमध्ये पाठ असेल. या पाठात त्या दृष्टांताचा आशय घेऊन आपण एका अवघड विषयाचे चिंतन करणार आहोत. विषय आहे, चांगल्या म्हणवणाऱ्या घरात दडवून ठेवलेली गोष्ट.

वचनाचा आशय

या घराचा धनी आत आहे की नाही, असा प्रश्न बसवण्णा करतात. उत्तरासाठी ते कोणाला हाक मारत नाहीत, दोन खुणा पाहतात. एक खूण उंबरठ्यावरच्या गवताची, दुसरी घरातल्या धुळीची. पुढे हे घर म्हणजे माणूसच आहे असा उलगडा होतो. देहात असत्य साचले आणि मनात वासना साचली, की आतला धनी निघून गेला असे समजावे, हा त्या वचनाचा मथितार्थ आहे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. या दृष्टांतातले घर निदान खोटे बोलत नाही. आत धूळ आहे आणि उंबरठ्यावर गवत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला आतली स्थिती कळते. आजच्या घराचे तसे नाही. आपला उंबरठा रोज धुतला जातो, त्यावर रांगोळी असते, दारावर तोरण असते, भिंतीवर बसवण्णांची तसबीर असते. गवताची काडी दिसणार नाही. पाहुणा म्हणतो, "काय सुंदर संसार आहे!" धूळ मात्र आतल्या खोलीत असते आणि त्या खोलीला कडी असते. म्हणून आजच्या साधकाने बसवण्णांचा प्रश्न आणखी एक पाऊल पुढे नेऊन विचारला पाहिजे. माझा उंबरठा माझ्या घराविषयी खरे सांगतो का?

बसवण्णांनी दुसऱ्या एका वचनात सात निषेध सांगितले आहेत. ते वचन तर आपल्याकडे लहान मुलांनाही येते. चोरी, हिंसा, असत्य, क्रोध, परतिरस्कार, आत्मस्तुती आणि परनिंदा या त्या सात गोष्टी होत. त्या टाळणे हीच अंतरंगशुद्धी आणि हीच बहिरंगशुद्धी, असे ते म्हणतात. बाहेरच्यासाठी एक यादी आणि आतल्यासाठी दुसरी, अशी विभागणी त्यांनी केलेली नाही. आत एक आणि बाहेर एक असे जगणे त्यांच्या हिशेबी अशुद्धीच आहे.

दृष्टांत : कोठीचा वाडा

हैदराबादेतील मराठी मंडळींना कोठी आणि सुलतान बाजार हा भाग परका नाही. विवेक वर्धिनीत शिकलेल्या, तिथल्या दुकानांतून वह्या-पुस्तके आणि लुगडी घेतलेल्या कितीतरी पिढ्या आहेत. सुलतान बाजाराचे जुने नाव रेसिडेन्सी बाजार. ज्या रेसिडेन्सीवरून हे नाव पडले, तो ब्रिटिश रेसिडेंटचा वाडा आजही कोठीत उभा आहे. समोर सहा प्रचंड खांब, रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांपाशी दोन सिंह. १९४९ पासून तिथे मुलींचे महाविद्यालय भरू लागले आणि २०२२ साली त्याला महिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

हा वाडा ज्याच्या कारकिर्दीत उभा राहिला, तो जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक १७९८ ते १८०५ या काळात ईस्ट इंडिया कंपनीचा हैदराबादेतील रेसिडेंट होता. निजामाच्या दरबारात त्याचा मोठा मान होता. तो फारसी आणि हिंदुस्थानी सहज बोले आणि पोशाखही हैदराबादी करी. दरबारातील एका खानदानी घराण्यातील खैरुन्निसा या मुलीशी त्याने मुस्लिम रीतीने विवाह केला. ती त्या वेळी जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती. आजच्या कायद्याने असा विवाह गुन्हा ठरेल. तिचे लग्न आधी दुसरीकडे ठरलेले होते आणि तिच्या आजोबांचाही या संबंधाला विरोध होता. पण तिची आई शरफुन्निसा मुलीच्या बाजूने उभी राहिली.

हा विवाह गुप्त ठेवण्यात आला. कंपनीचा अधिकारी दरबारी घराण्याचा जावई झाला, तर तो कोणाच्या हिताचे पाहील, अशी शंका वरिष्ठ घेणार हे उघड होते. गव्हर्नर जनरल वेलस्लीपर्यंत कुजबूज गेली, चौकश्या झाल्या. कर्कपॅट्रिकने वरिष्ठांना सगळे खरे कळू दिले नाही. भावालासुद्धा त्याने सारे एकदम सांगितले नाही.

१८०१ मध्ये मुलगा झाला, १८०२ मध्ये मुलगी. घरात त्यांना साहिब आलम आणि साहिब बेगम म्हणत. खैरुन्निसा रेसिडेन्सीच्या आवारातच, रंगमहाल नावाच्या जनानखान्यात राही. मागच्या बागेत मुख्य वाड्याची एक लहानशी प्रतिकृती आहे. पडद्यात राहणाऱ्या बेगमेला समोरून वाडा पाहता येत नसे, म्हणून कर्कपॅट्रिकने तिच्यासाठी ती करवून घेतली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातली गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या घराची ती धनीण, त्या घराचा दर्शनी भाग तिने खेळण्याएवढ्या आकारात पाहायचा!

बाहेरून पाहणाऱ्याला या संसारात काय उणे दिसले असते? पतीचे पत्नीवर प्रेम होते, गोजिरवाणी मुले होती, वैभव होते. पण गुपिताची मुदत भरत आली होती. हिंदी आईच्या पोटी जन्मलेल्या मुलांना कंपनीच्या मुलकी व लष्करी अधिकारपदांची दारे १७९१ सालीच बंद झाली होती. मुलांना इंग्रज म्हणून वाढवायचे, तर त्यांना इंग्लंडला पाठवणे भाग आहे असे बापाने ठरवले. आईची इच्छा नव्हती. १८०५ मध्ये, मुलगा साडेचार आणि मुलगी साडेतीन वर्षांची असताना, दोघांना मद्रासहून जहाजावर चढवण्यात आले. जाण्यापूर्वी जॉर्ज चिनरी या चित्रकाराने हैदराबादी पोशाखात त्यांचे मोठे चित्र काढले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. मृत्युपत्रात त्याने खैरुन्निसेचा उल्लेख आदराने केला, पण पत्नी म्हणून नव्हे, मुलांची आई म्हणून.

लंडनमध्ये १८०६ साली मुलांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलमचा विल्यम जॉर्ज झाला आणि साहिब बेगमची कॅथरीन. पुढे सगळे तिला किटी म्हणत. आजोळशी त्यांचा पत्रव्यवहार तोडण्यात आला. इकडे खैरुन्निसा पतीच्या कबरीच्या दर्शनाला कलकत्त्यास गेली. तिथे पतीचाच एके काळचा सहायक हेन्री रसेल याच्यावर तिने विश्वास टाकला आणि त्यानेही तिला सोडून दुसरीशी लग्न केले. हैदराबादेत येण्यास मज्जाव झाल्याने तिला काही काळ मछलीपट्टणम येथे काढावा लागला. अखेर ती हैदराबादेस परतली आणि १८१३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारली. मुलांची भेट पुन्हा झाली नाही.

किटी इंग्लंडमध्ये मोठी झाली. तिचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. चार लोकांत तिचे कौतुक होई. थॉमस कार्लाइल या प्रसिद्ध लेखकालाही तरुणपणी तिची ओढ होती. पण आईच्या घराविषयी तिला कोणी काही सांगत नव्हते. एके दिवशी ती हेन्री रसेलच्या इंग्लंडमधील घरी गेली असता भिंतीवर तिला चिनरीने काढलेले ते चित्र दिसले. चित्रातली मुलगी आपणच आहोत हे ओळखून तिला रडू कोसळले. त्यानंतर रेसिडेन्सीतील एका अधिकाऱ्यामार्फत तिला कळले, की आजी शरफुन्निसा हैदराबादेत अजून जिवंत आहे. १८४१ मध्ये आजी आणि नात यांच्यात पत्रे सुरू झाली. ताटातुटीला छत्तीस वर्षे झाली होती. नातीने लिहिले इंग्रजीत, आजीने फारसीत, आणि मधे भाषांतरकार. निरोपाच्या दिवशी आईने केलेला आकांत नातीच्या मनातून पुसला गेला नव्हता. आजीने तिला आईच्या केसांची बट पाठवली. १८४७ मध्ये आजी वारली. दोघींची प्रत्यक्ष भेट झालीच नाही.

विल्यम डॅलरिंपल यांनी 'व्हाइट मुघल्स' या २००२ सालच्या ग्रंथात ही सारी हकिगत जुन्या पत्रांवरून विस्ताराने मांडली आहे. खैरुन्निसेचा रंगमहाल मात्र एकोणिसाव्या शतकातच पाडला गेला. बाहेरचे खांब राहिले, आतले घर गेले.

विवरण : किंमत कोणी दिली?

हा प्रेमाचा दोष होता का? नाही. दोन जातींच्या, दोन धर्मांच्या माणसांनी एकत्र येणे हा शरणांच्या दृष्टीने दोष नव्हे. याच्याशी आपण कल्याणची घटना ताडून पाहू. बसवकल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातले. हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. बाराव्या शतकात तिथे समगार हरळय्यांचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला. तो उघड झाला, शरणांच्या साक्षीने झाला. परिणाम काय होईल हे त्यांना कळत नव्हते असे नाही. बिज्जळाच्या आज्ञेने हरळय्या आणि मधुवरस यांना देहदंड झाला आणि कल्याण विस्कटले, असे शरणपरंपरा सांगते.

म्हणजे उघडपणाची किंमत लहान असते असे मुळीच नाही. ती प्राणांएवढी असू शकते. मग फरक कुठे आहे? उघडपणे वागणारा आपल्या कृतीची किंमत आपण देतो. हरळय्यांनी आपला निर्णय आपल्या अंगावर घेतला. लपवणाऱ्याच्या घरी मात्र किंमत दुसऱ्याच्या नावावर मांडली जाते, आणि तो दुसरा बहुधा घरातला सर्वांत दुबळा असतो. कोठीच्या वाड्यात रेसिडेंटची नोकरी शेवटपर्यंत टिकली. किंमत पडली ती एका तरुण आईवर आणि साडेतीन वर्षांच्या मुलीवर. त्या मुलीने काय लपवले होते? तिला तर लपवण्यात आले होते.

घराण्याचे नाव राखण्यासाठी केलेल्या गुपितांचा असा हिशेब मांडून पाहावा. नाव राहते एकाचे आणि भोग येतो दुसऱ्याच्या वाट्याला.

आजची घरे

दोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबाची गोष्ट आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून आता जवळच्या घरांकडे येऊ. येथे कोणा एका घराकडे बोट दाखवायचे नाही. प्रत्येकाने आपापल्या घराकडे पाहावे.

स्थळ ठरवताना मुलाचे व्यसन सांगितले जात नाही. मुलीला फिट येतात हे सांगितले जात नाही. "लग्न झाले की सगळे ठीक होईल" असे म्हणून मानसिक आजाराच्या गोळ्या लपवून ठेवल्या जातात, आणि परक्या घरून आलेल्या सुनेला ते लग्नानंतर कळते. चिट फंडात बुडालेले पैसे आणि घरावर काढलेले कर्ज पत्नीला ठाऊक नसते. दारी वसुलीचा माणूस आला म्हणजे कळते. दत्तक घेतलेल्या मुलाला त्याची हकिगत घरचे सांगत नाहीत. मग एखाद्या लग्नात कोणी नातेवाईक भलत्याच रीतीने ती सांगून टाकतो. जातीबाहेर लग्न केलेल्या लेकीचा फोटो भिंतीवरून उतरतो आणि धाकट्यांना आपल्याला एक आत्या आहे हेच माहीत नसते. हरळय्या-मधुवरसांची जयंती करणाऱ्या घरांतही असे घडावे, याचे दुःख वाटते.

याहून गंभीर म्हणजे हातउगारणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के आणि कर्नाटकात सुमारे ४४ टक्के होते. म्हणजे ज्या तीन राज्यांत आपला समाज पसरला आहे, त्यांपैकी एकालाही मान वर करून बोलता येणार नाही. त्याच पाहणीत देशभरातील ज्या स्त्रियांनी मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसली होती, त्यांच्यापैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाजवळ चकार शब्दही काढला नव्हता. दहांतील जवळजवळ आठ! त्यांचेही उंबरठे रोज सारवलेले, धुतलेलेच असतील.

मुलांविषयी तर बोलायलाच नको असे आपल्याला वाटते, आणि म्हणूनच बोलले पाहिजे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांच्या छळाविषयी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलणे झाले होते. त्या वेळच्या अखंड आंध्र प्रदेशाचाही त्यात समावेश होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर विश्वास टाकावा असे होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

मूल का सांगत नाही? कारण या घरात कोणत्या गोष्टी बोलायच्या नाहीत, हे ते न शिकवता शिकलेले असते. काकांच्या दारूविषयी विचारले तेव्हा आईने डोळे वटारले होते. आत्याचे नाव काढले तेव्हा आजोबा ताटावरून उठले होते. लहान गुपितांनी घराला मुकेपणाची सवय लागते आणि त्या मुकेपणात मोठे पाप निर्धास्त राहते.

झाकणे आणि लपवणे

मग काय, घरातली प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर मांडायची? नाही. येथे विवेक हवा. तो विवेक आपल्या रोजच्या आचारातच आहे.

आपण इष्टलिंग वस्त्रात किंवा करडग्यात ठेवतो. ते चारचौघांत दाखवत फिरत नाही. पण आपण ते लपवतो का? नाही. आपण ते झाकतो. रोज सकाळी सोडतो, डाव्या तळहातावर घेतो, टक लावून पाहतो आणि पुन्हा बांधतो. झाकलेली वस्तू आपल्या रोजच्या नजरेखालची असते. लपवलेल्या वस्तूकडे आपण स्वतःही पाहत नाही.

पतिपत्नींचे खाजगी बोलणे, एखाद्याचा आजार, घरातली अडचण, कोणाला केलेली मदत, या झाकण्याच्या गोष्टी आहेत. ज्यांचा त्यांच्याशी संबंध आहे त्यांना त्या ठाऊक असतात आणि बाहेर त्यांचा डांगोरा पिटला जात नाही. यात असत्य नाही. पण ज्याच्या आयुष्यावर एखाद्या गोष्टीचा परिणाम होणार आहे, त्याच्यापासूनच ती दडवली, तर ते लपवणे झाले. तिथे सात निषेधांपैकी असत्याचा निषेध तर मोडतोच, बहुधा हिंसेचाही मोडतो.

आपल्या मराठी लिंगायत घरांतून मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' ग्रंथाचे पारायण होते. नावात 'रहस्य' असूनही तो ग्रंथ दहा जण बसून मोठ्याने वाचतात. शरणपरंपरेत रहस्य असते ते उलगडण्यासाठी. सोसणाऱ्याला अंधारात ठेवणाऱ्या गोष्टीला हा शब्द शोभत नाही.

लक्कम्मांचे घर

चांगले घर कसे असते, हे पाहायचे तर आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांच्या झोपडीकडे पाहावे. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. दुसरे कोणी खूश झाले असते, किंवा मनात शंका ठेवून गप्प बसले असते. लक्कम्मांनी सरळ विचारले, हे जास्तीचे कशासाठी? आपल्याला लागतात तेवढेच ठेवा, बाकीचे जिथले तिथे टाकून या. मारय्यांनी ऐकले. मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग या मुद्रेने वचने लिहिणाऱ्या या माउलीने घरातल्या घरात सत्य बोलून दाखवले.

त्या घरात दाखवण्यासारखे काही नव्हते. पण पत्नी पतीला प्रश्न विचारू शकत होती आणि पतीला त्यात अपमान वाटत नव्हता. घराची कसोटी हीच आहे. घरातल्या सर्वांत लहान माणसाला सर्वांत मोठ्याला निर्भयपणे विचारता येते का? कल्याणच्या अनुभव मंटपात समगार, नावाडी, धोबी आणि स्त्रिया यांना बोलण्याचा अधिकार होता. आपल्या स्वयंपाकघरात सुनेला तो नसेल, तर अनुभव मंटपाची तसबीर लावून काय उपयोग?

आचरण

चिंतनाचा शेवट आचारात व्हावा, म्हणून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. आठवड्यातून एक संध्याकाळ घरातली सारी माणसे एकत्र बसावीत. दूरदर्शन आणि फोन बंद ठेवावा. एक वचन म्हणावे आणि मग प्रत्येकाने आपल्या मनातले बोलावे. लहानांनी आधी बोलावे, मोठ्यांनी शेवटी. पहिले दोन-तीन आठवडे कोणी काही बोलणार नाही. नेम मोडू नये.

दुसरी गोष्ट. विवाह ठरवताना आजार, व्यसन, कर्ज आणि आधीचा विवाह या चार गोष्टी दोन्ही बाजूंनी स्पष्ट सांगाव्यात. स्थळ मोडले तरी चालेल, फसलेला संसार नको. मनाचा आजार हा देहाच्या आजारासारखाच आजार आहे. त्यासाठी १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे.

तिसरी गोष्ट. दत्तक मुलाला त्याची हकिगत आईबापांनीच, प्रेमाने, लहानपणापासून त्याला समजेल तेवढी सांगत जावी. ती एखाद्या भिंतीवरच्या चित्रातून कळण्याची वेळ येऊ नये.

चौथी गोष्ट. लेक माहेरी येऊन अंगावरचे वळ दाखवील तेव्हा "सोसून घे, घरातली गोष्ट घरात राहू दे" असे म्हणू नये. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मारहाणीबरोबरच मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच मानतो. १८१ या क्रमांकावर स्त्रियांना मदत मिळते. काय करायचे हे तिने ठरवावे. आपण तिच्या पाठीशी उभे राहावे, तिच्या वतीने परस्पर तडजोड करू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे. मुलाने कोणाविषयी असे काही सांगितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. तो माणूस वडीलधारा असो, शिक्षक असो, वा धर्मकार्यातला असो. अशा वेळी "स्वामीजींना सांगून मिटवू" असे कोणी म्हणते. ते बरोबर नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याने असा गुन्हा कळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मठाने मिटवावी अशी ही गोष्ट नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ करून द्यावा.

आणि एक सावधगिरी. दुसऱ्याच्या घरचे गुपित कळले म्हणून ते चार ठिकाणी सांगणे हा उघडपणा नव्हे. ती परनिंदा आहे आणि तीही त्या सात निषेधांत आहे. सोसणाऱ्याला मदत मिळेल तिथेच बोलावे, बाकी ठिकाणी मौन पाळावे.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या घरात कोणत्या विषयाचे नाव निघताच सगळे गप्प होतात?

२. ती गोष्ट लपवल्याने कोणाचे नाव राखले जाते आणि कोणाला सोसावे लागते?

३. ज्याला ती जाणण्याचा हक्क आहे, त्याला ती माझ्या तोंडून कळेल की परक्याच्या?

४. इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलो असता ती गोष्ट मला आठवते का, आणि आठवली की मी नजर दुसरीकडे वळवतो का?

चौथ्या प्रश्नापाशी जरा थांबावे. पूजेत डोळे लिंगावर आणि मन त्या बंद खोलीच्या कडीवर, असे होत असेल, तर बसवण्णांचा प्रश्न आपल्यालाच आहे. कडी काढायला उशीर झाला असे समजू नये. किटीला आजीचे पत्र छत्तीस वर्षांनी मिळाले, तरी आईच्या केसांची बट तिच्या हाती आली. आपल्या घरातील आजी अजून शेजारच्या खोलीत आहे, लेक अजून गावातच आहे, मूल अजून आपल्या मांडीवर आहे.

शरणु शरणार्थी.